माझ्या मागे या

दिवा बारीक कर रे, मालवू नकोस. आणि पाय वर घेऊन बसा सगळे. नंतर कुणी म्हणू नका की काकांनी आधी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे. आमच्या हिचा धाकटा भाऊ. समुद्रकाठच्या जुन्या गावात तो पर्यटकांना फिरवायचा. किल्ला, दीपगृह, जुनी गोदामं, खलाशांची दफनभूमी आणि शेवटी किनारा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून सगळे त्याला रेडिओच म्हणायचे. घरी मात्र बटण बंद. आला की भिंतीला टेकून बसायचा, बायकोने काही विचारलं तर नुसती मान हलवायचा.

गेल्या वर्षी, मे महिन्यातला शेवटचा शनिवार. अमावास्या होती. सुट्ट्यांचा हंगाम, सकाळपासून माणसांची रीघ, आणि ह्याच्या पायांचे नुसते तुकडे पडलेले. रात्र झाली, शेवटची बस भरली, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "अरे बाळा, माझा चष्मा किल्ल्यातच राहिला. त्याच्याशिवाय मी आंधळीच रे."

"उद्या देतो पाठवून," असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं तोंड बघून त्याला बोलवेना. हातात टॉर्च घेऊन तो परत आत गेला. चष्मा तोफेच्या कट्ट्यावरच सापडला.

किल्ल्यातून बाहेर पडायला एक लांब भुयार आहे. जुन्या काळी तिथे माणसं कोंडून ठेवायचे, गुलाम म्हणून जहाजात भरून नेण्याआधी. बाया, बाप्ये, सगळे. आईपासून पोरं तोडायचे तीही तिथेच. मेहुणा हे रोज पाठ केल्यासारखं सांगायचा, लोक चुकचुकायचे आणि फोटो काढायचे. मग टॉर्च उंच धरून तो म्हणायचा, "चला, एकमेकांचे हात धरा, माझ्या मागे या. कुणी मागे राहू नका." जुन्या गाइड लोकांची एकच ताकीद होती. भुयार रिकामं असेल तर तोंड मिटून चालायचं.

त्यालाही ते ठाऊक होतं. पण दमलेल्या माणसाची जीभ त्याची राहत नाही. भुयाराच्या तोंडाशी आला, हात आपोआप वर गेला आणि बोलून गेला, "चला... हात धरा, माझ्या मागे या. कुणी मागे राहू नका."

स्वतःशीच हसला. वेड लागलंय आपल्याला, म्हणाला. बाहेर येऊन म्हातारीला चष्मा दिला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"अजून एवढी माणसं? माझ्या गाडीत जागा नाही हं, आधीच सांगतो."

"कुठली माणसं?"

ड्रायव्हरने त्याच्या खांद्यामागे पाहिलं. काच वर केली आणि गाडी काढली.

मेहुणा घराकडे निघाला. मागे पावलं वाजली. तो थांबला. पावलंही थांबली, पण एकदम नाही. घोळका कधीच एकदम थांबत नाही, पोरांनो. पुढचे थबकतात, मागचे त्यांच्यावर आदळतात. ज्याने उभा जन्म घोळका मागे घेऊन काढला, त्याला हा आवाज कळणार नाही तर कुणाला?

घर दोन वळणांवर. बायको रात्रपाळीला गेलेली. घरात कानांनी अधू झालेली आई, आणि तिच्या कुशीत चार वर्षांची पोर. ह्यांना घरी न्यायचं? मरेन पण नेणार नाही.

तो उलटा वळला. दीपगृहाकडे.

आणि काय करणार? जे येत होतं तेच केलं. सहल घडवली. दीपगृहापाशी उभा राहून घोगऱ्या आवाजात सगळी माहिती सांगितली. म्हणाला, "ज्यांना इथे थांबायचं असेल त्यांनी थांबा." कुणी थांबलं नाही. गोदामांपाशी तेच. बसावंसं वाटत होतं, तिथेच, रस्त्यात... पण बसला की ते जवळ येणार.

दफनभूमीच्या फाटकाशी त्याने हात जोडले. "तुमचं कुणी असेल इथे... तर राहा ना."



मग ओल्या कापडाचा वास. आणि मागून, अगदी हळू, कुणीतरी हुंदका गिळला...

त्याने मागे पाहिलं नाही. चालत राहिला. वाळू लागली. समोर काळं पाणी. पुढे जागाच नव्हती. तेव्हा तो रोजचं शेवटचं वाक्य म्हणाला. रडतच म्हणाला.

"सहल इथे संपली. आता... सगळ्यांनी आपापल्या घरी जा."



मग पावलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी. पुढे. पाण्यात. एकेक करून...

मग नुसत्या लाटा.

तो तिथेच कोसळला. उजाडायच्या सुमाराला कसाबसा उठला आणि धावत घरी आला. कडी आतून होती. दार बडवल्यावर आईने उघडलं, म्हणाली, "किती रे उशीर!" सगळं जिथल्या तिथे. पोर गाढ झोपलेली. त्याच्या जिवात जीव आला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला खाली वाकला.

ती पोर कुणाला केसांना हात लावू द्यायची नाही. नुसती फणी दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची.

तिची वेणी घातली होती. घट्ट. बारीक पेडांची, आमच्यापैकी कुणालाच येत नाही अशी. आणि ओली.

"कुणी घातली गं?" त्याने तिला हलवून विचारलं.

ती झोपेतच म्हणाली, "तिला घरच नव्हतं, बाबा."

पोर बरी आहे हो, देवाच्या दयेने. मेहुण्याने काम सोडलं, आता किराणा दुकानात बसतो आणि कामापुरतंही बोलत नाही. वेणी कुणाला सुटेना, शेवटी आमच्या हिनेच कात्रीने कापली आणि आमच्या गच्चीवर नेऊन ठेवली, पत्र्यावर, रणरणत्या उन्हात.

एक आख्खं वर्ष झालं त्याला. आज संध्याकाळीच हात लावून आलो.

अजून वाळलेली नाही.