उलटा टाका

त्या दिवशी मी धनजला गेलो होतो तो फक्त एका सहीसाठी. एसटीतून उतरलो, फाट्यावर चहा घेतला, देहदानाचा फॉर्म पिशवीत आहे ना ते चाचपलं आणि देवमनकाकांच्या घराकडे निघालो.

बसा, जवळ बसा. मोठ्यानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

देवमनकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गावचे शिंपी. विहारात कार्यक्रम असला की आमच्या वस्तीचे पांढरे कपडे त्यांच्याच हातचे. मी एमबीबीएसला चंदीगडला निघालो तेव्हा उरलेल्या पांढऱ्या टेरिकॉटमधून त्यांनी मला ॲप्रन शिवून दिला. शिवण मशीनवर, पण तुरपाई हातानं. दर सात टाक्यांनंतर एक टाका उलटा घालायची त्यांची सवय होती. म्हणायचे, "उलटा टाका घातला का उसवत नाही. जल्माले पुरते." आणि काम पुरं झाल्याशिवाय दोरा कापायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

नऊ वर्षांनी मी परत आलो. तिकडे नोकरी होती, तरी आलो. मंगरूळपीरच्या रस्त्यावर एका ट्रस्टनं नवं मेडिकल कॉलेज काढलं होतं, तिथे शिकवायला लागलो. शंभर मुलं पहिल्या वर्षाला, आणि डिसेक्शन हॉलमध्ये एकही देह नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी माणूस चित्रावरून शिकावा, हे मला सहन होत नव्हतं.

काकांच्या किडन्या गेल्या होत्या. खाटेवर पडून होते. मी तासभर बोललो. डॉक्टर कसा घडतो, एका देहावर किती मुलं शिकतात, ती पुढे किती जीव वाचवतात. मला आठवतं, बोलताना माझा आवाज भरून आला होता. काका छताकडे पाहत होते. मी फॉर्म पुढे केला, पेन त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी पेन परत माझ्या हातात ठेवलं.

"थांब संघ्या. इचार करून सांगतो."

चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

मी पोचलो तेव्हा भागिरथाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. लोक जमलेले. काकूंनी मला बाजूला घेतलं. "तुह्यासंग बोलनं झालतं त्याईचं. काय म्हनले ते?"

बाहेर कॉलेजची गाडी उभी होती. ती मीच बोलावली होती.

"हो म्हणाले," मी सांगितलं.

काकूंनी वारस म्हणून मोठ्या अक्षरांत सही केली. कायद्याला तेवढी पुरते. काकांच्या सहीची जागा कोरी असलेला तो पहिला फॉर्म मी माझ्या खोलीवरच्या कपाटात ठेवून दिला.

दीड महिन्यानं हॉल सुरू झाला. चंदीगडला माझ्या गुरूंनी एक गोष्ट मनावर ठसवली होती. विचारल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, आणि विचारलं की उत्तरासाठी थांबायचं. इथे मी ती पद्धत पहिल्याच दिवशी घातली. टेबलावरच्या देहाचं नाव मुलांना सांगितलं. रोज एकानं पुढे यायचं, म्हणायचं, "देवमनकाका, आज आम्ही तुमचा उजवा दंड उघडणार आहोत. चालेल ना?" मग सगळ्यांनी मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि मग सुरुवात.

विभागप्रमुख हेमसिंग राठोड दारात उभे राहून पाहत होते. "डॉक्टर, मढ्याची परवानगी घेता? उद्या ते नाही म्हनलं तं?"

मुलं हसली. मीही हसलो. उत्तर आलं तर काय करायचं, हे मी कुणाला शिकवलं नव्हतं. मलाही ते कुणी शिकवलं नव्हतं.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या सकाळी लखीराम मला फाटकाशीच भेटला. तो हॉलचा अटेंडंट, आधी दुसऱ्या कॉलेजात हेच काम केलेला, पोहरादेवीकडचा, फारसा न बोलणारा. म्हणाला, "साहेब, पोरं याच्या आंदी तुमी एकटे चला."

हॉलच्या खिडक्यांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग. आत फॉर्मॅलिनचा तो डोळ्यांत जाणारा वास. लखीरामनं चादर बाजूला केली. आदल्या दिवशी मुलांनी दंडावर जिथे जिथे उघडलं होतं, तिथे तिथे कातडी मिटलेली होती. पांढऱ्या दोऱ्यानं. बारीक, एकसारखी तुरपाई.

"पोट्ट्यायचा खेळ असेल," मी म्हणालो.

लखीराम वाकून पाहत राहिला. "फॉर्मॅलिनचं कातडं हाय साहेब. चामड्यासारखं. पोट्ट्यायची सुई घसरली असती. हे... हे शिकलेल्या हाताचं काम हाय."

मी टाके मोजले. मोजायला नको होते. सात सरळ, एक उलटा. सात सरळ, एक उलटा.

मी ते स्वतः उसवलं आणि दाराला नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ. दुसऱ्या सकाळी दंड पुन्हा शिवलेला होता. तिसऱ्या सकाळीही. मुलांना कळलंच. आदल्या दिवशी विचारण्याची पाळी सायलीची होती. ती हळूच म्हणाली, "सर, आपण रोज विचारतो... अन् ते रोज सांगून राह्यले. मंग आपण ऐकून काहून नाही राह्यलो?"

मी राठोड सरांकडे गेलो. म्हटलं, देह परत देऊ या. अंत्यविधी करू या. त्यांनी चष्मा काढला.

"शंभर पोरं. एक बॉडी. पुढच्या महिन्यात तपासनी. कारन काय लिवू कागदावर? मढं स्वतःले शिवून राह्यलं? तुमीच आनली ना ही बॉडी? संमती हाय ना त्याईची?"

"आहे," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

राहिल्या होत्या काकू. त्यांना खरं सांगायचं, मग देह मागायचा हक्क त्यांचा. मी निरोप धाडणार होतो, तर त्या आपणहूनच आल्या. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. पोर्चमध्ये बाकावर टेकल्या.

"गावात सांगतो मी सगळ्यायले. आमचे बुवा चवथी शिकले, आन् आता डॉक्टर लोकायचे मास्तर झाले." त्या हसल्या. मग आवाज उतरला. "त्रास तं नाही ना होत त्याईले?"

"नाही काकू."

"त्याईनं हो म्हनलं म्हून मी सही केली. नाही तं माह्यानं झालं नसतं रे. एकडाव मले वाटे, तुले बरं वाटावं म्हून तं नाही म्हनले... पन तू खोटं कायले सांगशीन?"

त्यांनी पिशवीतून मुरमुऱ्याचे लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते हातात घेऊन त्या दिसेनाशा होईपर्यंत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कपाटातला तो कोरा फॉर्म घेऊन हॉलमध्ये गेलो आणि आतून कडी लावली. दुपारचा एक वाजला होता, पण आभाळ भरून आलं होतं. काकांच्या उशाशी ट्रेमध्ये फॉर्म ठेवला, त्यावर टोपण लावलेलं पेन ठेवलं.

"काका, तुम्ही थांब म्हणाला होता. मी थांबलो नाही. काकूंना खोटं सांगितलं. आता विचारतो. जे असेल ते सांगा, मी तसंच करीन."

आणि मोजायला लागलो. एक. दोन.

वीज गेली. एक्झॉस्ट पंखे गरगरत हळूहळू थांबले. रंगवलेल्या काचांमधून उजेड इतका कमी आला की टेबलाची फक्त कड दिसत होती. तीन... तेव्हा तो आवाज आला. कापडातून दोरा ओढल्याचा. सर्रर्... थांबणं... पुन्हा सर्रर्. लहानपणी त्यांच्या ओट्यावर अभ्यास करताना तासन् तास ऐकलेला आवाज. तो टेबलाकडून येत नव्हता. तो अगदी जवळून येत होता, माझ्या हनुवटीखालून. मला मान खाली घालता आली नाही. आठवा आवाज वेगळा होता, आखूड, मागे जाणारा.

वीज आली तेव्हा काका तसेच होते. दंड उघडाच. पेनाचं टोपण निघालेलं होतं. ट्रेमध्ये फॉर्म नव्हता.

मी सगळा हॉल शोधला. टेबलाखाली, बादल्यांमागे. खोलीवर येऊन अंगातला, काकांनी शिवलेला तो ॲप्रन काढायला लागलो तेव्हा छातीवरच्या खिशावर हात गेला. खिसा वरून शिवलेला होता. आत घडी घातलेला कागद करकरला.

त्या दिवसापासून हॉलमध्ये टाके पडलेले नाहीत. राठोड सर खूश आहेत, पोट्टे सुधरले म्हणतात. मुलं रोज विचारतात, पाचपर्यंत मोजतात आणि कामाला लागतात. देह आता निम्म्याहून जास्त उघडला आहे. 'नाही' असेल तर परत द्यायला माझ्याजवळ काय उरलंय? आणि 'हो' असेल, तर मग ते टाके कशाचे होते? कात्री घेऊन मी कितीदा बसलो. पण विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे मीच शिकवलं. विचारलं की दोरा ओढल्याचा तो आवाज येतो, आणि हात थांबतो.

हा पाहा ॲप्रन. दिवा जरा इकडे घ्या. खिसा शिवून झाला, तरी दोरा कापलेला नाही. सुई अजून त्यातच आहे. पहिल्या दिवशी ती खिशाच्या कोपऱ्याला होती. रोज सकाळी आठ टाके पुढे गेलेली असते, कॉलरच्या दिशेनं. परवा मी ॲप्रन पेटीत घालून कुलूप लावलं, तरी आठ. म्हणून काल रात्री तो अंगात घालूनच जागत बसलो. पहाटे कधीतरी डोळा लागला असावा.

आज टाके आठच आहेत. पण शेवटचा कापडात नाही. इथे, गळ्यापाशी, बोट लावून पाहा.