चोरदरवाजा कोणी उघडला?

कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून आम्ही हे केलं, असं तुम्ही मालिकावाले म्हणता. खोटं बोलता. तुमच्या दारावर मोर्चे येऊ नयेत म्हणून तुम्ही ते केलंत. आमची एवढीच काळजी होती तर एकदा सुसरवाडीला यायचं होतं. विचारायचं होतं, की बाबांनो, तुम्हाला दुखतं कुठे आणि त्यावर इतकी वर्षं तुम्ही औषध काय लावता? तुम्ही विचारलं नाहीत. पेटी पाठवून दिलीत.

ही पेटी सारिका नाईकवडेच्या घरी टीव्हीखाली बसवलेली आहे. साबणाच्या वडीएवढी, पुढून एक बारीक काचेचा डोळा. सरकारी कागदात तिचं नाव ‘भावनारक्षक’, गावात तिला सगळे मनधरणी म्हणतात. ऐतिहासिक मालिका बघायची तर ती घरात असलीच पाहिजे, असा नियमच आहे. त्याआधी दोन मालिका गावाने बंद पाडल्या होत्या, एका पोस्टरला काळं फासलं होतं, तालुक्याच्या गावी बस फोडली होती. मनधरणी आली आणि सगळं एकदम गार झालं. दूध संकलन केंद्रावर सकाळी कॅन लावून माणसं आदल्या दिवसाच्या भागावरून एकमेकांची गचांडी धरायची, ती आता माना डोलवायला लागली.

“काल काय दाखवलं राव!”

“एकदम खरं दाखवतात.”

बस. भांडण नाही, तंटा नाही. प्रेक्षकांचं मत काय? तर शंभर टक्के समाधानी.

‘सुसरगडची झुंज’ सुरू झाली तेव्हा तर गावात सणच होता. गाव ज्या गडाच्या पायथ्याशी आहे, त्याच गडाची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता सारिका चपात्या लाटता लाटता बाहेरच्या खोलीत येऊन बसली. पडद्यावर एक माणूस मशाल घेऊन गडाच्या चोरदरवाजाकडे पायऱ्या उतरत होता. पण त्याचं तोंड काही केल्या दिसेना. काचेवर लोणी फासावं तसं सगळं पुसट.

“सारे, तू आत जा बरं जरा,” सासूबाई म्हणाल्या. सारिका त्यांना आत्या म्हणायची.

“का हो आत्या?”

“तू बसलीस की त्याचं तोंड दिसत नाही. कालपण असंच झालं. जा, चपातीकडे बघ.”

सारिका हसत उठली. पेटी बिघडली असेल असं तिला वाटलं. ती ओट्याशी पोचते न पोचते तोच बाहेरून आवाज आला, ‘सुभानजी खोमणे! ह्या मोहरा मोज!’ आणि पाठोपाठ आत्यांचा, “बघा, बघा, मेल्याला सोनं दिसल्याबरोबर कडी काढली!”

तव्यावरची चपाती करपली. सारिका माहेरची खोमणे.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्हाला ते ठाऊक नाही. सुसरगडाला वेढा पडला होता तेव्हा चोरदरवाजावर पहारा खोमण्यांचा होता आणि बुरुजावर नाईकवडे होते. दरवाजा आतून उघडला गेला. नाईकवड्यांची तरणी पोरं झोपेत कापली गेली. दरवाजा खोमण्यांनी उघडला, हे दोन्ही घरांना मान्य. का उघडला, यावर मात्र वाद. कोणी म्हणतं मोहरांसाठी. कोणी म्हणतं, गडावर दाणा उरला नव्हता, लेकरं चामडं उकळून खात होती म्हणून. वाद कधी मिटला नाही, पण त्यातून एक रीत निघाली. दसऱ्याला सगळं गाव सोनं वाटतं तेव्हा खोमण्यांचा वडीलधारा अनवाणी चालत नाईकवड्यांच्या उंबऱ्याशी येतो. डोक्यावरचा फेटा हातात घेतो आणि म्हणतो, “दार आमच्या हातानं उघडलं. पोटात घाला.” नाईकवड्यांचा वडीलधारा तो फेटा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, “तुमची लेकरं उपाशी होती. या, जेवायला बसा.” मग दोघं एका ताटात जेवतात. 

या एका ताटामुळे दोन घरांत सोयरीक होऊ शकली. सारिका याच ताटातून या घरात आली, असं तिचा नवरा हणमंत थट्टेनं म्हणायचा.

दसरा तोंडावर आला म्हणून सारिका माहेरी गेली. आबांचा फेटा दरवर्षी तीच धुऊन, खळ लावून द्यायची. माहेर गावातच, ओढ्याच्या पलीकडे. आबा आणि धाकटा भाऊ पोपट टीव्हीसमोर बसले होते. आदल्या दिवसाचा भाग पुन्हा लागला होता. सारिका दारातच थांबली, पेटीच्या डोळ्याला दिसणार नाही अशी.

पडद्यावर तोच दरवाजा, त्याच पायऱ्या, तीच मशाल. सुभानजी खोमणे दरवाजाला पाठ लावून उभा होता, छातीत बाण रुतलेले, आणि कडी काढणारा हात होता बुरुजावरच्या येसाजी नाईकवड्याचा.

“बघितलंस ताई?” पोपटनं तिला पाहिलं आणि तो उठलाच. “तुझ्या सासरच्यांची करणी! आणि दरवर्षी माफी कोण मागतंय? आम्ही!”

“अरे, आमच्याकडे उलटं दाखवलं. तिथे सुभानजी मोहरा मोजतोय.”

“तू बघितलंस?”

“ऐकलं. मी बसले की तोंड दिसत नाही.”

पोपट हसला. “म्हणजे बघितलं नाहीस. तिकडची झालीस तू, दुसरं काय.”

सारिकाने आबांकडे पाहिलं. “आबा, तुम्ही तरी सांगा. तुमच्या आज्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं?”

आबा म्हणाले, “तेच तर आठवायचं बघतोय. आजा ओट्यावर बसून सांगायचा. सुभानजीनं कडी काढली, मग पोरांना उचलून खाली पळाला, असं काहीतरी. पण आता डोळे मिटले की आज्याचं तोंडच येत नाही. हा टीव्हीवरला येतो, बाण लागलेला. आणि आज्याचा आवाजसुद्धा त्याच्याच तोंडून येतो. मला सांग पोरी, ते मी ऐकलेलं आहे आणि हे बघितलेलं. खरं कोणतं धरायचं?”

“ऐकलेलं, आबा!”

“मग डोळे कशाला दिलेत देवानं?” ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारत होते. “फेटा राहू दे. यंदा मी जायचं का, तेच कळेना.”

सारिका घरी आली ती डोकं गच्च होऊन. आबा आले नाहीत तर आत्या काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं. अण्णा, तिचे सासरे, काहीच म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. ताट मांडलेलं राहील, आणि त्यानंतर ती कुणाच्या घरातली?

तिला एक युक्ती सुचली. दोन्ही घरं एका खोलीत बसवायची. एका डोळ्यासमोर दोन्हीकडचे, मग बघू पेटी काय करते. शेवटचा भाग होता त्या संध्याकाळी तिनं पोपटला जेवायला बोलावलं. अण्णा, आत्या, हणमंत, पोपट, सगळे एका रांगेत बसले. हणमंत साखर कारखान्यावरून नुकताच आला होता.

गनिमाची फौज गडाला भिडली. शिड्या लागल्या. मशाली पेटल्या. सगळे श्वास रोखून. पेटीच्या डोळ्यात बारीक हिरवा ठिपका लुकलुकत होता. एकेकाच्या बुबुळाचं फाकणं, मानेवरची नाडी, कपाळावर पडू बघणारी आठी, हे सगळं ती मोजत होती, आणि आठी पडायच्या आत पुढचं चित्र जागच्या जागी रचत होती.

गनिमाच्या सरदाराने घोडा थांबवला. वर गडाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘असल्या शूरांशी लढणं पाप आहे,’ तो म्हणाला आणि फौज घेऊन निघून गेला. गडावर पंगत बसली. सुभानजी आणि येसाजी एकमेकांना पुरणपोळी भरवू लागले.

“हे काय?” पोपट म्हणाला.

हणमंतला हसू आवरेना. “गनीम रडत घरी गेला? मग आपली पोरं मेली कशानं, पुरणपोळीनं?”

“हसतोस काय!” आत्या कडाडल्या. “काल तर याच मेल्यानं दार उघडलं होतं!”

“कोण मेला? खोमण्यांना मेला म्हणायचं नाही हं आत्याबाई!” पोपट ताटावरून उठला.

“बसा रे!” सारिका ओरडली. “दिसलं ना आता? ही पेटी तोंड बघून बोलते. तिला खरं-खोटं काही ठाऊक नाही. आपण एकत्र बसलो तर तिनं लढाईच खाऊन टाकली!”

पण पोपट चपला घालून गेला होता. आणि आत्या म्हणाल्या, “एवढं कळतंय मला, सारे. आजचं खोटं होतं. तो बसला होता म्हणून तसं दाखवलं. पण आम्ही आमचे बसतो तेव्हाचं खरं असतं. तेव्हा कुणाची भीड नसते ना तिला.”

पलीकडच्या घरातही नेमकं हेच म्हटलं जाणार, हे सारिकाला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रेक्षक समाधान केंद्राला फोन लावला. एका बाईचा गोड आवाज आला. “बोला ताई, कोणत्या प्रसंगाने आपल्या भावना दुखावल्या?”

“दुखावल्या नाहीत. मला मूळ भाग बघायचा आहे. घरोघरी बदलण्याआधीचा.”

“मूळ असं काही नसतं, ताई.”

“असं कसं? कुणीतरी लिहिलं असेल, कुणीतरी शूटिंग केलं असेल.”

“कलाकारांनी चेहरे आणि आवाज दिलेत. गडाचं मोजमाप घेतलंय. पुढचं चित्र प्रत्येक घरात, तुमच्यासमोरच तयार होतं. बघून झालं की संपलं. साठवत नाही आम्ही.”

“मग तुमच्याकडे काय आहे? दरवाजा कुणी उघडला, याचं काहीतरी ठरवलं असेल ना तुम्ही?”

“तो प्रश्न आमच्या यादीत नाही, ताई. प्रसंग आवडला का, एवढाच आहे.”

“मला नाही आवडला.”

“कोणता भाग नाही आवडला ते सांगा, आम्ही तुमच्यापुरता बदलतो.”

“बदलू नका!” सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो बाई, दुखवा आम्हाला. आम्हाला दुखायची सवय आहे. त्यावर आमच्याकडे इलाज होता!”

“म्हणजे दुखावल्या गेल्यात अशी नोंद करू का?” बाईने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. तिलाही कळत नव्हतं, बिचारीला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सुसरवाडीत सगळीकडे आपट्याच्या पानांची देवाणघेवाण चालू होती. नाईकवड्यांच्या घरी पाट मांडला होता. आत्यांनी, कुरकुरत का होईना, एकच मोठं ताट वाढलं होतं. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून होते. येतील की नाही, कोणी बोलत नव्हतं.

आबा आले.

सारिकाला आधी हायसं वाटलं. मग तिने पाहिलं, की आबांच्या पायात वहाणा होत्या आणि फेटा डोक्यावर होता, न धुतलेला. ते उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. अण्णा उठून उंबऱ्याच्या आत उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

आबा थांबले होते. अण्णाही थांबले होते. समोरच्याने आधी बोलायचं आहे, अशी दोघांची खात्री होती. दोघांनीही डोळ्यांनी बघितलं होतं.

“आबा,” सारिका दोघांच्या मधे येऊन हळूच म्हणाली, “नुसतं म्हणा. दरवर्षीसारखं.”

“म्हटलं असतं गं,” आबा म्हणाले. “पण तोंडानं माफी मागायची आणि मनात म्हणायचं मी काही केलेलं नाही, हे त्या ताटाला चालेल का? आणि खरंच केलं असेल आणि मीच विसरलो असेन, तर? मी आलोय, पाव्हणं. का आलोय ते मला नीट सांगता यायचं नाही.”

अण्णांनी हात अर्धा वर उचलला, फेट्यासाठी उचलायचे तसा. पण उचलून ठेवायला आबांच्या हातात फेटाच नव्हता. तो हात तसाच हवेत राहिला. “व्याहीबुवा,” ते म्हणाले, “मी पण आत या म्हणालो असतो. पण रागावून म्हणू का माफ करून म्हणू, तेवढं तरी कळायला नको का?”

बाहेर पोरं सोनं वाटत ओरडत होती. ताटातल्या वरणावर साय धरू लागली होती.

तेव्हा आता तुम्ही सांगा. पेटीत नाही, यादीत नाही, गोड आवाजातही नाही. माणसासारखं, तोंड दाखवून सांगा. दोन म्हातारे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि मधे एक बाई उभी आहे जिची दोन्ही घरं आहेत. तुम्ही त्यांचा गुन्हा काढून घेतलात, त्याबरोबर क्षमाही नेलीत. त्या बाईने आपल्या बापाला आत घ्यायचं, की परत पाठवायचं? उत्तर द्या. आज द्या, अन्न निवायच्या आत.