माझं वाक्य अजून संपलं नाही

“चैतन्य, तुला ग... गर्ल—”

“गरज आहे का मदतीची?” त्याच्या हातातल्या फोनमधली बाई गोड आवाजात बोलून मोकळी!

मागे माझ्या मैत्रिणी सपना आणि मालन फिस्सकन हसल्या. ‘गर्लफ्रेंड आहे का, विचारून दाखव’ ही पैज त्यांचीच. मी संघमित्रा, दहावी, मुलुंड. मी अडखळत बोलते. शब्द येतात, पण आपल्या वेळेने. आमच्या स्पीच थेरपी सेंटरमध्ये एका नव्या अ‍ॅपची चाचणी चालली होती. मी जरा थांबले की ते उरलेलं वाक्य स्वतःच जोडायचं आणि माझ्या वतीने बोलायचं. शाळेच्या तोंडी परीक्षेतही माझ्याऐवजी तेच बोलणार, असं आई-बाबांनी परस्पर ठरवून टाकलेलं. का, तर मुलांनी मला हसू नये!

चैतन्य अकरावीतला. त्याची अनुपमाताई हे अ‍ॅप बनवते आणि हा शनिवारी मदतीला येतो. कुरळे केस, एकच बाही दुमडलेली... असो.

त्याने फोन बंद केला. “तुझं झालं नव्हतं ना? बोल.”

आणि तो थांबला. ‘हं, हं’ नाही, ओठ हलवून शब्द पुरवणं नाही. नुसता बघत राहिला. छातीवरचं काहीतरी उतरलं माझ्या.

“गर्ल... फ्रेंड आहे का... तुला?”

त्याचे कान लाल! “नाही. का गं?”

“स... सर्वे आहे.”

“कितीजणांना विचारलंस?”

“एका... लाच.”

वाट लागली यार त्याची! लाजून मागे सरकला तो टेबलावरच आदळला.

मग आम्ही ताईला गाठलं. “ताई, मी थांबले म्हणजे... माझं बोलून झालं, असं नाही गं.”

ताई म्हणाली, “चुकलंच आमचं. भराभर बोलणाऱ्यांचे आवाज ऐकवूनच शिकवलंय त्याला. तुझा आवाज देशील? नकोसं वाटलं तर केव्हाही पुसून टाकू. आणि यापुढे तू सांगितल्याशिवाय ते एक शब्दही जोडणार नाही.”

“देते!” हा शब्द मात्र एका दमात आला.

जिन्यात चैतन्य म्हणाला, “तूही माझ्याबद्दल अंदाज बांधत बसू नकोस. सांगूनच टाकतो... तू मला आवडतेस.”

मी उत्तराला वेळ लावला. मुद्दाम! “मला... पण. तू.”

घरी आई-बाबा चहा घेत होते. मी बसलेच नाही.

“आई, बाबा, परीक्षेत माझं... मीच बोलणार. हसू देत कोणाला... हसायचं ते. आणि चैतन्य मला... आवडतो. दोन वेगळे विषय आहेत. ओरडायचंच असेल तर... एकेका विषयावर ओरडा.”