रिकाम्या आभाळातला उंचवटा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

आम्ही दोघं एकाच रेडिओ दुर्बिणीवर कामाला. ताई शास्त्रज्ञ. मी खरखर पकडणारा. दुर्बिणीच्या आसपास कुणी मोबाईल चालू ठेवला, की हातात छोटा अँटेना घेऊन, तो खरखरेल तिथं चोर शोधायचा, हे माझं काम.

ताई फार लांबच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजायची. एकेकीचा सिग्नल इतका क्षीण, की दिसतच नाही. म्हणून हजारो दीर्घिकांची बेरीज करायची. मग आलेखावर एक उंचवटा उठतो. तो कुठं उठला, त्यावरून वायू किती लांब आहे ते कळतं.

खात्रीसाठी ती आभाळातल्या रिकाम्या जागांचीही तशीच बेरीज करायची. तिथं काहीच नसतं. रेघ सपाट यायलाच हवी.

त्या दुपारी ती सपाट आली नाही...

"छोट्या, कुणीतरी मोबाईल घेऊन बसलंय. जा, कान पकडून आण," ताई हसत म्हणाली.

मी सगळं आवार पालथं घातलं. कॅन्टीन, गाड्या, कुंपण.

काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी उंचवटा सरकला होता. जवळच्या बाजूला.

तिसऱ्या दिवशी आणखी जवळ...

आता ताई हसत नव्हती. जेवणाचा डबा तसाच परत न्यायची.

आणि मग एका दुपारी रेघ एकदम सपाट झाली.

"गेलं रे बाबा एकदाचं!" ताईने खुर्चीतच अंग सैल सोडलं. माझाही जीव भांड्यात पडला.

मी अँटेना कपाटात ठेवायला निघालो. तिच्या खुर्चीमागून जाताना तो खरखरला...

मी तो पुन्हा तिच्या खुर्चीमागे धरला. पुन्हा खरखर.

"ताई, तुझा प्रोग्रॅम जोरदार सिग्नल काढून टाकतो ना?"

"हो. इतकं जोरात आभाळातून येतच नाही. ते आपलंच असतं, इथलं..."

तिने न गाळलेला डेटा उघडला.

ते गेलं नव्हतं. ते इतकं जवळ आलं होतं, की प्रोग्रॅमने त्याला आपल्यातलंच समजून गाळून टाकलं होतं.

मी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. संगणक बंद झाले.

खरखर चालूच.

ताई उठून दाराशी गेली. मी अँटेना तिच्या दिशेने फिरवला. खरखरही दाराशी गेली.

"कुठंय ते? छोट्या, सांग ना!"

ते तिच्या खांद्यामागे होतं. मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? जिथं तिथं नाक खुपसून चोर पकडणारा मी, बहिणीच्या मागचं काही हटवू शकत नव्हतो.

त्यानंतर ताई रजेवर गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल. मी रोज तिच्याकडे जातो, आणि तिचं लक्ष नसताना अँटेना फिरवतो.

काल तो तिच्या खांद्यामागे धरला...

शांत.

मला रडूच आलं. आनंदाने. मी अँटेनासकट तिला मिठी मारली.

तेव्हा तो खरखरला. तिच्या छातीशी टेकल्यावर.

"गेलं ना रे?" ताईने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मी "हो" म्हणालो.