होटगीहून आणलेला लेथ

चन्नप्पा कातारी जेवायला बसला की भाकरी मोडायच्या आधी लेथचं नाव काढायचा. सोलापूरच्या अख्ख्या बाळीवेशीत त्याच्यासारखे पाळण्याचे खूर कातणारा दुसरा नव्हता, पण त्याला पाळण्यांचा कंटाळा आला होता. त्याला हवा होता जुना विलायती लेथ. बिडाचा, बैलगाडीएवढा लांब, ज्यावर मिलचे मोठाले लाकडी रूळ कातता येतील असा. स्वप्नात तो त्याच्या मालकीचा होऊन बरीच वर्षं झाली होती. फक्त दारात यायचा राहिला होता.

त्याच्या बायकोला, काशम्माला, ती स्वप्नं पाठ झाली होती. "स्वप्नात तरी दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्या की," ती म्हणायची.

कारण दोरी तीच ओढायची. त्यांचं कातायचं यंत्र म्हणजे दोन खुंट, मध्ये आडवं लाकूड आणि लाकडाला वेढा दिलेली चामड्याची दोरी. दोरीची दोन्ही टोकं काशम्माच्या हातांत. उजवा हात ओढला की लाकूड इकडे फिरे, डावा ओढला की तिकडे. समोर बसून चन्नप्पा पटाशी धरायचा. लग्न झाल्यापासून दोघं अशी समोरासमोर बसत आली होती. मूलबाळ झालं नाही. गावातल्या पाळण्यांना खूर मात्र तिच्याच खांद्यांनी पुरवले. आता ते खांदे पार गेले होते. पदर डोक्यावर घ्यायचा तर हात वर जाईना, मान खाली न्यावी लागे. म्हणून लेथ यावा असं तिलाही मनापासून वाटायचं. तिला आपले खांदे परत हवे होते, एवढंच.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी होटगीत तिप्पण्णा नावाचा म्हातारा तसा लेथ काढून टाकतोय असं कळलं. दोघं गेली. स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ होता. चैत्राचं ऊन, वर तापलेले पत्रे, आणि आत विहिरीच्या तळासारखा गारवा. कैक वर्षं बंद आहे म्हणत होते, पण वास ताज्या भुशाचा येत होता. चन्नप्पा चपला काढून आत गेला. काशम्मा उंबऱ्याशीच थांबली. त्या थंड बिडाला आपण आलेलं आवडलं नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ऊन लागलं असेल म्हणून तिनं ते झटकून टाकलं.

तिप्पण्णानं भाव केला नाही. एकच विचारलं. विचारलं चन्नप्पाला, पण नजर काशम्माच्या तळव्यांवर होती.

"दोरी ह्याच वढत्यात न्हवं?"

"व्हय. आता सुटतील बिचारीचे हात," चन्नप्पा म्हणाला.

म्हाताऱ्यानं शेडची किल्ली चन्नप्पाच्या हातात दिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

लेथ आला, परसातल्या खोलीत बसला. मोटर बसवायची होती, पण विजेची तार ओढायला माणूस येतो म्हणाला तो येईना. काशम्मानं चामड्याची दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि कितीतरी वर्षांनी दिवसाढवळ्या नुसती बसली. केराबाई शेजारीण कुंपणावरून म्हणाली, राणी झालीस बाई. काशम्माही हसली.

मग एका दुपारी ती अंगणात ज्वारी निवडत असताना परसातून घरघर ऐकू आली. त्याबरोबर तिचा उजवा खांदा ठणकला. मग डावा. उजवा. डावा. हात तर सुपावर निवांत होते. आतून मात्र कुणी ताणत होतं. घरघर थांबली तेव्हा ती घामानं भिजली होती.

तिनं विचारलं, तार नसताना चालतंय कशावर. चाक जड आहे, एकदा गती दिली की फिरत राहतं, असं चन्नप्पानं सांगितलं. सांगताना तो पटाशीला धार लावत होता.

आठवड्याभरात तिच्या तळव्यांना फोड आले. केराबाईनं हात उलटा करून पाहिला. "लेथ शोभेला आणलाय व्हय गं? अजून दोरीच वढतीस की." काशम्मानं नाही म्हणून सांगितलं. तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

ती अक्कलकोटला धाकट्या बहिणीकडे, चंद्रव्वाकडे, निघून गेली. एवढ्या लांब काही पोचणार नाही असं तिला वाटलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतून उठला आणि मागे गेला. मग डावा. पीठ चुलीत सांडलं. चंद्रव्वानं तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली, तर हातांबरोबर तीही पुढे-मागे ओढली जाऊ लागली.

"अक्का, कोण वढतंय गं तुला?"

"मला कोण वढंल," काशम्मा धापा टाकत म्हणाली. "मीच वढतीय."

ती मिळेल त्या गाडीनं सोलापूरला आली. वाटेतही हात थांबले नाहीत. शेजारी बसलेली बाई लेकराला घेऊन उठून गेली.

परसातली खोली उघडी होती. घोट्यापर्यंत भुसा.

लेथ फिरत होता. पट्टा नव्हता, तार नव्हती. चाक एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे.

चन्नप्पा पटाशी धरून वाकला होता.

"अहो, बंद करा. माझ्या जीवावर चाललंय ते."

त्यानं पटाशी बाजूला घेतली. चाक थांबलं. तिचे हात खाली पडले.

तो दचकला नाही. काय बोलतेस म्हणून विचारलंही नाही. तिला ओसरीवर बसवून आत गेला आणि तूप घातलेलं गरम दूध घेऊन आला. मग तिच्यामागे बसून, तेल लावून खांदे चोळू लागला. चांगला मन लावून, जिथं दुखत होतं नेमकं तिथं.

"परवा लई हलकं चाललं," तो म्हणाला. "आज दुपारपासनं जड जायला लागलं. तवाच म्हणलं, हिनं सकाळधरनं काय खाल्लं न्हाय."

काशम्मा दुधाकडे बघत राहिली.

"पी. आन पड जरा," तो मायेनं म्हणाला. "उद्या सागाचा मोठा रूळ लावतोय."