बुडबुडा वजनापासून पळतो

बसा दोघंही. दार ओढून घ्या, डास येतात. किल्ली देणारच आहे, घेऊन पळत नाही मी. पण तुम्हालाच यायला उशीर झाला, तर आता अंधारातच सगळं समजून घ्या. नाहीतरी कॅम्परमध्ये, या चाकांवरच्या घरात, रात्रीच राहायचं असतं. दिवसा काय, सगळेच शूर.

ही निळी नळी पिण्याच्या पाण्याची. ही करडी सांडपाण्याची. दोन्ही एका पिशवीत कोंबल्यात, तर पोट बिघडल्यावर माझ्या नावाने बोटं मोडू नका. हा गॅसचा अलार्म. खाली पायाशी लावलाय, कारण हा गॅस जड, जमिनीलगत साचतो. लोक हौसेने डोळ्यांसमोर लावतात आणि सकाळी उठतच नाहीत. हा बाहेरचा दिवा. कोणी जवळ आलं की आपोआप लागतो, अर्ध्या मिनिटात विझतो. आणि हे चाकाखालचे ठोकळे. गाडी थांबली की आधी ठोकळे, मग चहा. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर झोपायचं नाही.

आता ही ओट्याला चिकटवलेली गोल डबी. मघाशी तू हिला खेळणं म्हणालीस ना, पोरी? आत हिरवं पाणी आहे आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की गाडी सपाट उभी आहे. एक लक्षात ठेवा, बुडबुडा वजनापासून पळतो. मागे कोणी चढलं की तो पुढे जातो. डावीकडे कोणी बसलं की तो उजवीकडे.

हसतोस काय रे? अशाच डबीने माझ्या ताईला काय दाखवलं ते ऐक, मग हस. माझी सख्खी मोठी बहीण. तिने सांगितलेलं तसंच्या तसं सांगतो, आणि शेवटचं तर या डोळ्यांनी पाहिलंय.

ताई दवाखान्यात नर्स होती. दाजी लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. शंभर किलोचा माणूस. घरची गाडी होती, पण छत्तीस वर्षांत त्यांनी ताईला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तू शेजारी बस आणि रस्ता बघ," म्हणायचे. मारकुटे नव्हते, व्यसनी नव्हते. पण त्यांचं म्हणजे त्यांचंच. ते गेले, आणि सहा महिन्यांनी ताईने ड्रायव्हिंग क्लास लावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी! क्लासचा मास्तर पहिल्या दिवशी विचारतो, "आजी, नातवाला सोडायला आलात का?" तिसऱ्या प्रयत्नात पास झाली. मग एक व्हॅन घेतली आणि माझ्या गॅरेजात आणून उभी केली. "हिला घर करून दे," म्हणाली.

मी करून दिलं. हेच सगळं, जे तुम्हाला आता दाखवलं.

पण घरात वादळ उठलं. या वयात एकटी बाई रानावनात झोपणार? लोक काय म्हणतील? माझा भाचा, तिचा मुलगा, दुष्ट नाही हो, घाबरट आहे. त्याने व्हॅनला गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. शेवटी मायलेकांत पैज लागली. तीन रात्री एकटीने बाहेर राहायचं आणि स्वतः गाडी चालवत घरी यायचं. मदतीसाठी एक जरी फोन केला, तर किल्ली मुलाच्या हातात. कायमची.

मी तिथेच बसलो होतो. माझ्याकडे पाहिलं तिने. मी चप्पल शोधायला लागलो. गाडी मीच सजवली आणि तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मंगळवारी ती निघाली. एका मोठ्या तलावाकाठी डांबरी रस्ता संपतो, तिथे मोकळी जागा आहे. दिसायला सपाट, पण पाण्याकडे उतार. तिने गाडीचं तोंड पाण्याकडे केलं. पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून बुडबुडा मधोमध आणला, आणि चारी चाकांना ठोकळे लावले. पहिली रात्र चांगली गेली. मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "तुझ्या नळाला गळती आहे."

दुसरी रात्र. नोव्हेंबरची नऊ तारीख, बुधवार. संध्याकाळी ती दोन कॅन घेऊन रस्त्याच्या टोकाच्या नळावर गेली, पाणी भरून आणलं. भांडी घासली. गॅस बंद केला, दार आतून लावलं, किल्ली उशीखाली ठेवली. दहा वाजता मागच्या पलंगावर आडवी झाली. डोक्याला पट्ट्याची बॅटरी, हातात पुस्तक.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाहेरचा दिवा लागला.

तिने पडदा सारून पाहिलं. कोणी नाही. कुत्रं असेल, म्हणाली. दिवा विझला.

परत लागला.

कुत्रं गाडीजवळ आलं की हुंगतं, पाय घासतं. काहीतरी आवाज होतो. इथे काहीच नव्हतं. पाणीसुद्धा गप्प. दिवा विझला. आणि गाडी डावीकडे कलली. किंचित. पायरीवर कोणी पाय ठेवला की कलते तशी.

तिने ओट्यावरच्या डबीवर उजेड टाकला. बुडबुडा उजव्या कडेला होता.

दार उघडलं नव्हतं. कडी जागच्या जागी. दार उघडलं तर कर्कश वाजणारी चकती मीच बसवली होती, ती वाजली नव्हती. गॅसचा अलार्म गप्प, म्हणजे डोकं गरगरायचं कारण नाही. नर्स बाई ती. स्वतःची नाडी मोजली. एकशे चार.

बुडबुडा मध्यावर आला. मग पुढे सरकायला लागला.

पुढे. म्हणजे वजन मागे येत होतं. तिच्याकडे.

फळीचा आवाज नाही. श्वास नाही. फक्त तो हिरवा ठिपका. पुढे... अजून पुढे... आणि थांबला. तिच्या पायांपाशी काहीतरी उभं होतं. तिने बॅटरी फिरवली. पलंगाचा काठ, तिच्या चपला, रिकामी जागा.

फोन हातात होता. मुलाचा नंबर काढलेला. एक अंगठा टेकवायचा अवकाश. मला म्हणाली, "अरे, अंगठा टेकवणारच होते. खोटं कशाला बोलू? मग त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' म्हणणारा. आणि मला असा राग आला..."

तिने फोन पालथा ठेवला.

बुडबुडा मागे यायला लागला. वजन पुढे चाललं होतं. ओटा ओलांडून. पुढे. मग उजवीकडे.

ड्रायव्हरच्या सीटची गादी कुरकुरली.

आणि सीट मागे सरकली. कर्रर्र... एक खाच. दोन. तीन. ताई बुटकी, तिची सीट स्टिअरिंगला टेकलेली असायची. एवढ्या मागे सीट घेणारा एकच माणूस तिच्या माहितीत होता. घरच्या गाडीत बसताना रोज तो आवाज ऐकला होता तिने. छत्तीस वर्षं.

"अहो...?" ती म्हणाली.



कट्. हँडब्रेक सुटल्याचा आवाज.

गाडी हलली. पाण्याकडे. दोन बोटं गेली असेल, आणि ठोकळ्यांना अडून थांबली. कपाटातले पेले किणकिणले. आणि पुन्हा गाडीने धक्का दिला. ठोकळा करकरला.

ताई उठली. अनवाणी. किल्ली मुठीत.  चालत पुढे गेली आणि दोन सीटांच्या मध्ये उभी राहिली.

"उठा तिथून."

काही नाही.

"गाडी माझी आहे. माझ्या पगारातून साठवलेली. तिसऱ्या प्रयत्नात पास झालेय मी. उठा."

समोरच्या काचेत काळं पाणी.

तिने हात घातला आणि हँडब्रेक धरला. दांडी बर्फासारखी गार. वर ओढायला गेली, तर कोणीतरी खाली दाबून धरलेली. तिने दुसरा हात लावला. पलंगावरचे पेशंट उचलून उचलून तयार झालेले हात आहेत ते. ओढली. कट्. कट्. कट्.

"हयातभर तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "कुठे वळायचं, कुठे थांबायचं, केव्हा बोलायचं. तुम्ही जिवंत होतात म्हणून ऐकलं. पोराचं ऐकलं नाही, भावाची वाट पाहिली नाही, आता मेलेल्या माणसाचं ऐकू? यायचं असेल तर शेजारी बसा आणि रस्ता बघा. नाहीतर उतरा."

...



मग गाडी हलकेच डावीकडे कलली. शेजारची सीट कुरकुरली.

ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गादी गरम होती. तिने सीट पुढे ओढली. एक खाच, दोन, तीन. हँडब्रेकवर हात ठेवून उजाडेपर्यंत बसून राहिली. डावीकडे एकदाही पाहिलं नाही.

सकाळी निघून आली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं असतं. तिसऱ्या रात्री ती तिथेच राहिली. मी विचारलं, "परत काही झालं?" म्हणाली, "मला काय माहीत? मी गाढ झोपले होते."

शुक्रवारी दुपारी मी आणि भाचा फाटकात उभे होतो. व्हॅन आली. वळण असं घेतलं की मलासुद्धा जमलं नसतं. इंजिन बंद करून ती उतरली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. भाच्याने काही मागितलं नाही. पण पोटच्या पोराला आईची पिशवी उचलावीशी वाटली, म्हणून तो पलीकडून गेला आणि डावं दार उघडलं.

गाडी डावीकडे दबली. मग वर आली.

मी चाळीस वर्षं गाड्यांच्या स्प्रिंगा बदलतोय. माणूस उतरला की गाडी कशी वर येते, ते मला कोणी सांगायला नको. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक. 

मी वाकून आत पाहिलं. सीट रिकामी. पिशवी मागे, पलंगावर. पण शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता. खटक्यात पक्का अडकवलेला.

"ताई," मी म्हटलं, "हा पट्टा कोणी लावला?"

ती घराच्या पायऱ्या चढत होती. मागे वळलीसुद्धा नाही.

"सबंध रस्ता तू सजवलेली ती गाडी पिंग पिंग वाजत होती. शेजारी माणूस बसलाय, पट्टा नाही म्हणून. डोकं उठलं माझं. शेवटी ओरडले, पट्टा लावा! तेव्हा वाजायची थांबली."