कापसाच्या गल्लीत

खामगावच्या आमच्या जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत, दोन थप्प्यांमध्ये गल्ली सुटे. गल्ली मोजायची रीत ठरलेली होती. कडूबा हमाल, आमच्यातला सगळ्यात आडवा माणूस, कमरेवर हात ठेवून आत चालत जायचा. कोपर घासलं की थप्पी सरकवायची. महाराष्ट्र राज्य नवंच होतं आणि मालकांना यंत्रांचं वेड लागलेलं. गाठी उचलून नेणारी डिझेलची मोठी फोर्कलिफ्ट आली, ती गल्लीत वळेचना. तीनचाकी आली, ती वळली, पण तिनं थप्पी पाडली. शेवटी उभ्यानं चालवायची, बॅटरीवरची अरुंद गाडी आली, ती बरोबर बसली. मग गोदामाचा मुकादम म्हणून मीच म्हणालो, आता कोपरं कशाला मोजता, गाडी मावली की झालं. थप्प्या वाढल्या, गल्ल्या आवळल्या.

गाडी कचरू चालवायचा. पुढं गाठ असली की त्याला समोरचं दिसत नसे, म्हणून एक हमाल पुढं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचा. आता त्या हमालाला बाजूनं निसटायलाही जागा उरली नव्हती. मी त्याला तिथून काढलं आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला, भिंतीच्या अलीकडं, जमिनीवर चुन्याची रेघ मारली. रेघेवर चाक आलं की थांबायचं.

आठवडा झाला नाही तोच कचरूनं चावी माझ्यापुढं ठेवली. शेवटच्या गल्लीत अजून कोणी तरी ‘येऊ दे’ म्हणतं, रेघेवर आलो तरी म्हणतंच, असं त्याचं म्हणणं.

"माह्या हातून मानूस दबंल, वामनराव. मी नाही जात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आवाज घुमत असेल, म्हटलं. पण कापूस आवाज गिळतो, हे मलाही ठाऊक होतं. शेवटी ठरलं की रेघेपलीकडं भिंतीशी मी उभा राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

भर दुपारी मी आत गेलो. नाकात कापसाची धूळ, पाठीला गार भिंत. गाडी घरघरत निघाली. गाठ पुढं आली तसा उजेड बुजला.

मला काहीच ऐकू आलं नाही.

गाडी रेघेवर आली. थांबली नाही.

"थांब, कचरू, थांब!"

गाठ छातीला टेकली. श्वास अडकला. मग गाडी थांबली.

गाडी मागं गेली तसा मी बाहेर आलो. कचरू घामानं निथळत होता, माझ्याकडं न बघताच बोलला.

"तुम्हीच तं ‘येऊ दे’ म्हनून राह्यले होते. तुमचा आवाज मी वळखत नाही का? पन मंधातच कोनी तरी परका मानूस थांब म्हनून वरडला. त्याले भेऊन थांबलो."

अरे, तो मीच होतो, असं मी म्हणालो. कचरूनं चटकन वर पाहिलं. माझ्या ओठांकडं बघत तो मागं मागं सरकला आणि गाडी तशीच टाकून निघून गेला.

मी सरळ घरी गेलो. दाराला आतून कडी होती. मी बायकोला, पुष्पाला, हाक मारली, दार उघड म्हणालो. आत भांडी वाजत होती, ती थांबली.

"हे जेवून राह्यले," ती आतूनच म्हणाली. "तुम्ही कोन?"